उरलेल्या फ्रेमा : बाबांच्या प्रदर्शनाचे सतरा महिने

संग्रहालयाचा मेल आला ९ ऑगस्ट २०२३ ला. मी ठाण्याच्या लोकलमध्ये दाराशी चेंगरून उभी होते. 'आपल्या वडिलांच्या छायाचित्रांचे सिंहावलोकनी प्रदर्शन करण्याचा आमचा मानस आहे.' दोनदा वाचला आणि घरी फोन लावला. बाबा शांतपणे म्हणाले, "सिंहावलोकन सिंहाने करायचं असतं. आपण फार तर मान वळवून बघू."

ती मान वळवायला सतरा महिने लागले. या काळात मला सगळ्यात जास्त जाणवलं ते हे, की असं काम कसं करायचं हे सांगणारं मराठीत फारसं कुणी भेटत नाही. म्हणून हे लिहून ठेवतेय. घरात कुणाच्या निगेटिव्हनी भरलेलं कपाट असेल तर उपयोगी पडेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. बाबा १९७१ ते २००३ एका मराठी दैनिकात छायाचित्रकार होते. ऑफिसातून फिल्म मोजून मिळायची. ओर्वो कंपनीचं शंभर फुटी रीळ यायचं, ते अंधारात कापून डब्यांत भरायचं, एका डबीत छत्तीस फ्रेमा. सभा असो, उद्घाटन असो, आग लागलेली असो, कामात वीस-बावीस फ्रेमा जायच्या. रोल तर त्याच रात्री धुवायचा असायचा. मग उरलेल्या चौदा-पंधरा फ्रेमा बाबा ऑफिसला परतताना वाटेत संपवायचे. लालबाग, परळ, भायखळा, डिलाइल रोड. नळावरची रांग, खानावळीच्या दारात हात धुणारे कामगार, रात्रपाळी सुटल्यावरचा चहा, डबलडेकरच्या वरच्या मजल्यावरून दिसणारी डोकी. यातलं पेपरात एकही छापून आलं नाही. कुणी सांगितलेलं काम नव्हतंच ते. संग्रहालयाला नेमक्या याच फ्रेमा हव्या होत्या. गिरणगावावरच्या एका व्याख्यानात कुणीतरी त्यातले तीन फोटो पडद्यावर दाखवले होते, तिथून संग्रहालयाच्या क्युरेटर बाईंना, म्हणजे प्रदर्शन ठरवणाऱ्या बाईंना, बाबांचा पत्ता लागला.

पहिलं काम मोजदादीचं. २००२ च्या सुमारास ऑफिस डिजिटल झालं तेव्हा जुने निगेटिव्ह रद्दीत निघाले होते. बाबांनी ते दोन गोणपाटांत भरून टॅक्सीने घरी आणले आणि आईच्या गोदरेजच्या कपाटातले तीन खण बळकावले. आई अजूनही म्हणते, "माझ्या पैठण्या वीस वर्षं बॅगेत आहेत." मोजल्यावर १,१४० रोल निघाले. म्हणजे साधारण ४१ हजार फ्रेमा.

खरं तर जास्त होते. २६ जुलै २००५ ला आम्ही कलिन्याला तळमजल्यावर राहत होतो. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला आमच्या वाट्याचा कपाटाच्या खालच्या खणात शिरला. आम्ही शहाणपणा करून भिजलेले गठ्ठे पंख्याखाली वाळत ठेवले. १९८४ ते ८७ ही वर्षं एकमेकांना चिकटून त्यांची वडी झाली. अठरा वर्षांनी, २ सप्टेंबर २०२३ ला, संग्रहालयाच्या संवर्धक (जुन्या वस्तू जपणाऱ्या तज्ज्ञ) घरी आल्या तेव्हा कळलं की उलटं करायचं असतं. भिजलेली फिल्म गठ्ठ्याने वाळू द्यायची नाही. स्वच्छ थंड पाण्यात ठेवायची, ओली असतानाच एकेक पट्टी सोडवायची आणि दोरीवर चिमट्याने लटकवायची. हे त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर, असं मनात आलं खरं. पण त्या दिवशी फोनही लागत नव्हते.

संवर्धक बाईंनी कपाट उघडलं आणि आधी वास घेतला. व्हिनेगरसारखा आंबट वास म्हणजे अ‍ॅसिटेटची फिल्म आतून कुजायला लागलीय. तिची वाफ शेजारच्या चांगल्या फिल्मलाही बाधते, म्हणून असे रोल ताबडतोब वेगळ्या डब्यात काढायचे. आमचे ६३ निघाले. मग त्यांनी डांबराच्या गोळ्या बाहेर काढायला लावल्या, पीव्हीसीची पाकिटं टाकायला लावली, आणि जुन्या प्रिंटच्या पाठीवर बाबांनी बॉलपेनने दाबून लिहिलेली नावं पाहून नुसतं "अरेरे" म्हणाल्या. पाठीवर लिहायचंच तर मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. नवी पाकिटं पॉलिप्रॉपिलीनची घेतली, एका पानात एक रोल. त्याचे सुमारे २६ हजार रुपये गेले, ते आम्ही घातले. निळं सिलिका जेल किलोवर स्वस्त मिळतं. ओलावा पिऊन गुलाबी झालं की मंद आचेवर भाजायचं, पुन्हा निळं होतं. आमच्याकडे यासाठी एक जुनी कढई बाजूला काढली आहे. तिच्यात दुसरं काही करायचं नाही, अशी चिठ्ठी चिकटवून.

आता कागदपत्रं. इथे आमचे सात महिने गेले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

संग्रहालयाने विचारलं, हक्क कुणाचे? फिल्म ऑफिसची, वेळ बराचसा ऑफिसचा, कॅमेरा सुरुवातीला ऑफिसचा आणि १९८५ नंतर बाबांचा स्वतःचा. शिवाय फोटोखाली बाबांचं नाव कधी छापलंच जायचं नाही. 'छायाचित्र : आमच्या प्रतिनिधीकडून.' मग हे फोटो यांनीच काढले कशावरून? क्युरेटर बाईंनी तेव्हा भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांची आठवण काढली. सुरुवातीच्या काळात त्यांचे मुंबईचे फोटो नवऱ्याच्या, माणेकशांच्या नावाने छापले जायचे, आणि २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन झालं. बाबा म्हणाले, "म्हणजे मी काही वेगळा नाही. बरं वाटलं."

पुरावा म्हणून दोन गोष्टी कामी आल्या. एक, सलग निगेटिव्ह. एकाच पट्टीवर आधी मंत्र्यांचं उद्घाटन, मग गल्लीतली पोरं. उद्घाटनाला कोण गेलं होतं ते बाबांच्या कामाच्या डायऱ्यांत तारखेनिशी होतं. छापील फोटो कुणीही आणू शकतो, पण सलग पट्टी ज्याची त्याच्याकडेच असते. दोन, १९७१ चं नेमणूकपत्र. ते एलआयसीच्या फायलीत सापडलं, तीन दिवस शोधल्यावर.

ऑक्टोबर २०२३ मध्ये दैनिकाच्या ऑफिसात ना-हरकत पत्रासाठी अर्ज दिला. इमारत बदललेली, माणसं बदललेली, बाबांना ओळखणारा फक्त लिफ्टमन. अर्ज मनुष्यबळ विभागातून विधी विभागात, तिथून परत मनुष्यबळात. पाच हेलपाटे झाले. एकदा तर "निगेटिव्ह कंपनीची मालमत्ता असतील तर ते जमा करा" असंही ऐकावं लागलं. रद्दीत काढलेले निगेटिव्ह! त्या रात्री बाबा जेवले नाहीत.

शेवटी एका वकील मैत्रिणीने कॉपीराइट कायदा १९५७ उघडून कलम १७ मधलं पहिलंच पोटकलम वाचायला लावलं. वृत्तपत्राच्या नोकरीत असताना केलेल्या कामाचा हक्क मालकाकडे असतो तो वृत्तपत्र-मासिकात छापण्यापुरता. करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर बाकी सगळ्या बाबतीत पहिला हक्क ते काम करणाऱ्याचा. बाबांच्या नेमणूकपत्रात वेगळं काहीच लिहिलेलं नव्हतं. हे मुद्दे घालून एक पानी पत्र पाठवलं आणि ६ मे २०२४ ला ना-हरकत हातात पडली. तेव्हा तुमच्याकडे जुनं नेमणूकपत्र असेल तर आधी ते वाचा, मग ऑफिसची पायरी चढा. आम्ही उलट केलं. लग्नाचे किंवा कुणी पैसे देऊन काढून घेतलेले फोटो असतील तर मात्र गणित वेगळं. तिथे वेगळा करार नसेल तर हक्क सहसा काम सांगणाऱ्याकडे जातो.

माझ्या डोक्यात सगळ्या फोटोंची कॉपीराइट नोंदणी करायचंही खूळ आलं होतं. एका कलाकृतीला ५०० रुपये फी, वर हरकतींसाठी तीस दिवस थांबायचं. मैत्रीण म्हणाली, हक्क नोंदणीने मिळत नाही, फोटो काढला तेव्हाच मिळतो. पैसे वाचले.

कागद फिरत होते तोवर घरी स्कॅनिंग चालू होतं. लॅबला दर विचारले तर एका फ्रेमचे दीडशे रुपये. ४१ हजाराने गुणून बघितलं आणि फोन ठेवला. बाबांचा जुना एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायचं यंत्र, माळ्यावर होता. त्याचं डोकं काढून त्या खांबाला माझ्या भाच्याचा डिजिटल कॅमेरा उलटा बसवला, खाली एलईडीचं पॅनल आणि एन्लार्जरचीच निगेटिव्ह धरायची चौकट. जुनी मॅक्रो लेन्स १७,५०० ला मिळाली, पॅनल ४,२०० ला. रात्री जेवणं झाली की खिडक्या बंद, पंखा बंद (धूळ!) आणि दोन तास काम. मे महिन्यात हे काय होतं ते सांगायला नको. पण चाळिशी ओलांडलेल्या मुलीला बापाच्या हाताखाली पुन्हा डार्करूममध्ये बसायला मिळालं. लहानपणी मोरीच्या लाल दिव्यात हायपोच्या (फोटो पक्का करायच्या द्रावणाच्या) ट्रेशी बसायचे, तसंच. आधी भिंगाने बघून २,३०० फ्रेमा निवडल्या, त्या अशा टिपल्या. त्यातल्या ४१० संग्रहालयाने त्यांच्या यंत्रावर ४,००० डीपीआयने केल्या, एकेक फाइल चाळीस एमबीच्या वर. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. आमची तिसरी प्रत मावशीकडे पुण्याला असते.

मग आलं ते काम ज्याला मी सगळ्यात सोपं समजत होते. फोटोखाली ठिकाण आणि वर्ष लिहायचं. लेन्स किती उघडली होती, एफ-आठ की एफ-अकरा, हे बाबांना चाळीस वर्षांनी आठवतं, वर्ष आठवत नाही. "पाऊस नव्हता" हे आठवतं. डायरीत कामाची तारीख असायची, पण पाण्याने शाई पसरलेली पानं बरीच. मग आम्ही फोटोतच पुरावे शोधायला लागलो. गाडीची पाटी एमएच-०१ असेल तर १९८९ च्या मध्यानंतरचा. दुकानाच्या बोर्डावर आठ आकडी फोन असेल तर २००२ पासून पुढचा. गिरण्यांच्या दारावर कुलूप आणि बाहेर पाळण्यात झोपलेलं पोर, तर १८ जानेवारी १९८२ नंतरचा, म्हणजे संप सुरू झाल्यावरचा. एका फोटोत मिनर्व्हा थिएटरवर 'शोले'चं पोस्टर दिसलं. मी मोठ्या आत्मविश्वासाने १९७५ लिहिलं. बाबा हसायला लागले. "अगं, तो पाच वर्षं तिथेच होता. त्यावरून आम्ही घड्याळ नाही लावायचो." तिथे शेवटी '१९७५ ते १९८०' असंच छापलं. क्युरेटर बाईंचा नियम चांगला होता. खात्री नसेल तर अंदाजाचं वर्ष ठोकून द्यायचं नाही, काळाची हद्द लिहायची आणि ती कशावरून ठरवली ते वहीत नोंदवायचं.

माणसांची नावं मात्र गेली ती गेलीच. पेपरात छापायच्या फोटोतल्या प्रत्येकाचं नाव बाबा डावीकडून उजवीकडे लिहून घ्यायचे. उरलेल्या फ्रेमांतल्या माणसांची लिहून घ्यायचं काही कारणच नव्हतं. प्रदर्शनात लागलेल्या ८७ फोटोंत मिळून नावं सापडली अकरा, त्यातली चार आमच्या चाळीतलीच.

ऑगस्ट २०२४ च्या निवड-बैठकीत एक पेच झाला. १९८३ चा एक फोटो आहे. संप लांबलेला, एक बाई भांड्यांच्या दुकानासमोर पितळी हंडा घेऊन बसलीय, मोडीत द्यायला आणलेला. तिने तोंडावर अर्धा पदर ओढलाय आणि एकच डोळा कॅमेऱ्याकडे. क्युरेटर बाईंना तो प्रवेशदाराशी मोठा करून लावायचा होता, पोस्टरवरही तोच. बाबा पहिल्यांदाच ठाम "नाही" म्हणाले. "ती पदर घेत नव्हती, मला नको म्हणत होती. बोट आधीच दाबलं गेलं होतं." बाईंनी समजावून पाहिलं, फोटोचं महत्त्व सांगितलं, आणि त्या म्हणत होत्या ते चूक नव्हतं. मलाही तो लावावा असंच वाटत होतं. मी गाडीत तसं म्हटलं तर बाबा खिडकीबाहेर बघत बसले. तो फोटो लागला नाही. म्युनिसिपालिटीच्या नळावर आंघोळ करणाऱ्या मुलांचे दोनही आम्ही सगळ्यांनी मिळून काढून टाकले. पोस्टरवर शेवटी डबलडेकर आली. गोड फोटो आहे, लोकांना आवडला. असो.

करार डिसेंबर २०२४ मध्ये झाला. ५०० रुपयांचा स्टँपपेपर लागतो. जुन्या सवयीने शंभरचा मागायला गेलात तर परत यावं लागेल, ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदललाय. बाबांना जिने चढवत नाहीत म्हणून माझ्या नावे मुखत्यारपत्र केलं, नोटरी घरी आले. करारात तीन गोष्टी नीट वाचा : फोटो प्रदर्शनाबाहेर कशाकशावर छापणार (आमच्या मसुद्यात कॉफीचे मग होते, ते काढायला लावले), नव्या प्रिंट प्रदर्शनानंतर कुणाच्या, आणि विमा कुठून कुठवर. विमा आमच्या दारातून निघाल्यापासून परत दारात येईपर्यंतचा हवा. त्यासाठी प्रत्येक जुन्या प्रिंटची किंमत लिहायची होती. बाबांनी त्या वेळच्या आग्फा कागदाची किंमत लिहिली, दोन रुपये. संवर्धक बाईंनी खोडून २५,००० केली. २२ जुन्या प्रिंट गेल्या, ६५ नव्या सुती कागदावर छापल्या, छपाई आणि फ्रेमिंगचा खर्च संग्रहालयाचा. प्रिंट नेताना प्रत्येकीचा स्थिती-अहवाल भरला. कुठे ओरखडा, कुठे बुरशी, कुठे कडेला चांदी वर आलेली, सगळं दोन्ही बाजूंच्या सह्यांनी. तीन तास लागले. कंटाळा करू नका.

भिंतीवरच्या मजकुरावरून एक छोटं भांडण झालं. इंग्रजीवरून केलेलं मराठी आलं : 'नागरी दैनंदिनतेचे काव्यात्म दस्तऐवजीकरण'. आईने चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "हे तुझ्या बाबांबद्दल आहे?" मी एका रात्रीत सगळा मराठी मजकूर नव्याने लिहिला आणि संग्रहालयाने तो तसाच्या तसा घेतला, ही त्यांची उदारता. तुमच्यावर वेळ आली तर मराठी मजकूर आधी मागा, शेवटच्या आठवड्यात नको.

१७ जानेवारी २०२५, शुक्रवार. दालनात पाऊल ठेवल्याबरोबर बाबांनी विचारलं, "लोडशेडिंग आहे का?" जुन्या प्रिंटवर ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर उजेड पडू देत नाहीत. दोन-तीन मिनिटांनी डोळे सरावतात. भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं. बाबांना बोलायला सांगितलं तर ते म्हणाले, "ऑफिसची फिल्म होती, माफ करा." लोक हसले. मी हसले नाही, कारण मला ते सात महिने आठवत होते. मग ते खुर्ची घेऊन एकाच फोटोसमोर जाऊन बसले. रात्री विचारलं, काय बघत होतात? म्हणाले, डावीकडचा कोपरा जरा जळलाय, छापताना हात धरायला हवा होता.

पुढचे दहा आठवडे आम्ही आलटून पालटून जात राहिलो. प्रदर्शन ३० मार्चला संपलं, त्या दिवशी गुढीपाडवा होता, दुपारपर्यंत दालनात पहारेकरी आणि आम्हीच. ११ एप्रिलला टेम्पो घरी आला. पुन्हा स्थिती-अहवाल, प्रिंटमागून प्रिंट. एका प्रिंटवर संग्रहालयाच्या मुलाने नवा ओरखडा दाखवला आणि बिचारा घाबरला. बाबांनी भिंगाखाली धरली. "हा माझा आहे. १९७८ चा. चिमटा लागला होता." जुना अहवाल काढला तर त्यात तो नोंदलेला होताच.

आमचा हिशेब : पाकिटं, लेन्स, पॅनल, हार्ड डिस्क, नोटरी, टॅक्सी मिळून ७१ हजारांच्या आसपास. संग्रहालयाकडून मानधन ४० हजार आलं. ते मिळायलाही पॅनकार्ड, रद्द केलेला चेक आणि अडीच महिने लागले.

आता संग्रहालयाला बारा प्रिंट कायमच्या संग्रहात घ्यायच्या आहेत. त्यासाठी खरेदी समिती बसावी लागते. जूनमध्ये बसणार होती, मग ऑगस्टमध्ये. काल मेल आला की बैठक पुन्हा पुढे गेली आहे. बाबांना वाचून दाखवला. त्यांनी कपाट उघडून डबीत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "बरं. तोवर हे भाजून आण. गुलाबी झालंय."